दुसरी प्रत

दैवशालाने त्या निळ्या धुडाशी तीन दिवस भांडण केलं, आणि पहिले दोन दिवस तरी धूडच जिंकलं.

धूड म्हणजे नव्या जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या जिन्यामागच्या खोलीत पडलेलं जुनं वर्कस्टेशन, आकडेमोडीचा दांडगा कॉम्प्युटर. वीस वर्षांपूर्वी परदेशातून आलं तेव्हा त्याला हार घातला होता, पेढे वाटले होते. शेतांवरच्या चाचण्यांची आकडेमोड तेव्हा तेच करायचं. पुढे त्याला चालवणारी प्रणाली बंद पडली, ती दुरुस्त करणारा माणूस पुण्याला गेला आणि फोन उचलेनासा झाला. तेव्हापासून त्याचा उपयोग एकच, वर जेवणाचे डबे ठेवायचे. दरवर्षी खंडेनवमीला मात्र कामगार बाकीच्या यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावत. बंद पडलेल्या यंत्राची पूजा जरा जास्तच मन लावून करायची आपल्याकडे रीत आहे.

दैवशाला कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळायची. परतूरजवळच्या खेड्यातून ती टायपिंगची परीक्षा देऊन आली होती आणि चौदा वर्षांत जे अडेल ते शिकत गेली होती. प्रिंटर रुसला, नेट गेलं, कोणी पासवर्ड विसरलं, की सगळे तिच्या नावाने हाका मारत. धाकटे मालक मयंकशेठ पाहुण्यांना सांगत, "आमच्या दैवशालाताई म्हणजे इंजिनियरच." पाहुणे गेले की विसरत.

त्या धुडाशी झोंबायची तिला काही हौस नव्हती. ती झोंबत होती पुंजारामकाकांसाठी.

पुंजारामकाका सातवी शिकलेले. तरुणपणी कंपनीच्या शेतावर खताची पोती उचलायला आले आणि तिथे त्यांना बाजरीच्या कणसांना कागदी पिशव्या घालायचं काम मिळालं. बाहेरचे परागकण आत जाऊ नयेत म्हणून या पिशव्या. पिशव्या घालता घालता त्यांना बाजरी कळू लागली. पदव्या घेतलेले शास्त्रज्ञ आले, दोनदोन वर्षं राहिले, दुसऱ्या कंपन्यांत गेले. पिशव्या घालणारा माणूस तिथेच राहिला. शेवटी वाण काढला तो त्यांनी. दोन पाण्यांत येणारा, गच्च भरलेल्या कणसाचा, आणि कणसावर असे काटेरी केस की पाखरू एकदा बसलं की पुन्हा फिरकत नाही. त्याला आठ पिढ्या जाव्या लागल्या. आई कोणती, बाप कोणता, कितव्या रांगेतलं कितवं कणीस ठेवलं, कोणतं फेकलं आणि का फेकलं, हे सगळं काकांनी स्वतःच्या हाताने वह्यांत लिहिलं होतं. लिहिण्याचा त्यांचा एक नियम होता. जे डोळ्यांनी पाहिलं ते त्याच दिवशी, त्याच बांधावर उभं राहून लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहिलेलं त्यांना चालत नसे. एकदा एका एमएस्सी झालेल्या साहेबाने अंदाजाने आकडा टाकला, तर काकांनी ती अख्खी रांगच उपटून बांधावर टाकली होती. साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

आता त्या वाणाच्या नोंदणीचा अर्ज दिल्लीला जायचा होता. अर्जात एक रकाना होता, 'वाण तयार करणाऱ्याचे नाव'. थोरले मालक उत्तमचंदजी यांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "त्या रकान्यात पुंजारामचं नाव जाईल. पूर्ण नाव." मयंकशेठला ते रुचलं नाही. सातवी पास माणसाचं नाव वाचून दिल्लीवाले हसतील, असं त्यांना वाटत होतं. पण वडिलांपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती, म्हणून ते एवढंच म्हणाले, "नोंदी बराबर पाहिजेत. आठही पिढ्यांच्या. एक जरी पिढी कमी पडली तर नावाचं विसरा."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नोंदी तर त्यांच्याइतक्या चोख कोणाच्याच नव्हत्या. दिवाळीला ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी तो कागद हातात यायचा होता.

नोंदी होत्या, पण वह्या नव्हत्या. वह्यांना वाळवी लागली होती. दोन वर्षांपूर्वी हे लक्षात आलं तेव्हा दैवशालाने काकांना शेजारी बसवून, वाळवीने सोडलेलं आणि कुरतडलेलं असं सगळं जुळवून प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. दोन महिने दोघांनी दुसरं काही केलं नाही. वह्यांचा मग भुगाच उरला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या कामाची जगात एकच प्रत होती.

दुसरी का नव्हती, हे कळायला जालन्यातला बियाण्यांचा धंदा माहीत पाहिजे. इथे वाणाच्या आईबापाचा पत्ता फुटला की वाण गेला. म्हणून मयंकशेठनी त्या कॉम्प्युटरला इंटरनेट दिलं नव्हतं, आणि पेनड्राइव्ह लावायच्या खाचा तर नळाच्या गळतीला लावतात त्या एमसीलने बुजवून टाकल्या होत्या. चोराची वाट बंद झाली. आतल्या गोष्टीलाही बाहेर यायला वाट उरली नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. शिवाय त्या कॉम्प्युटरचा यूपीएस तीन महिन्यांपूर्वी शेवटची शिट्टी मारून गेला होता. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडे, आली की आपोआप चालू होई. चालू होताना आधी अर्धं मिनिट काळ्या पडद्यावर काहीतरी शोधत बसे, मग कामाला लागे. कधीकाळी कोणा विक्रेत्याने करून ठेवलेल्या मांडणीचा तो अवशेष होता. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही.

दैवशालाने मयंकशेठकडे दुसरा कॉम्प्युटर मागितला. काकांच्या नोंदींची एक प्रत त्यात ठेवायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"नवीन कशाला, ताई?" मयंकशेठ म्हणाले. "ते निळं पडलंय ना. त्यात टाका. बाहेर काही जायला नको, आतल्या आतच केबलने न्या."

तर असं ते निळं धूड तिच्या गळ्यात पडलं.

जुन्या यंत्रावर चालेल अशी एकच प्रणाली होती, लिनक्स. पण ती आत घालायची कशी? सीडीचा कप्पा उघडत नव्हता. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची त्या यंत्राला अक्कल नव्हती. उरली केबल. असं यंत्र चालू झालं की केबलवर हाक मारतं, मी रिकामा आहे, मला कोणी काही देईल का? त्याच केबलला जोडलेल्या दुसऱ्या यंत्राने ओ दिली, तर ते त्याच्याकडून एकेक फाइल मागून घेतं आणि स्वतःला उभं करतं. ओ देण्याचं काम दैवशालाने आपल्या लॅपटॉपला दिलं.

त्यातही एक अडचण होती. धुडाला मॉनिटर जोडायची खाच अशी जगावेगळी होती की कंपनीतला एकही मॉनिटर तिला बसेना. म्हणजे सगळं आंधळेपणाने करायचं. एरवी प्रणाली प्रश्न विचारते, माणूस उत्तरं देतो. इथे प्रश्न दिसणारच नव्हते. म्हणून तिने सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली. भाषा मराठी. घड्याळ भारताचं. आणि डिस्कबद्दल विचारलं, तर पहिली सापडेल ती पूर्ण पुसून टाक, विचारत बसू नको.

कोणत्या यंत्राला ओ द्यायची, तेही त्या फाइलमध्ये लिहिता येत होतं. प्रत्येक यंत्राला त्याचा एक नंबर असतो, तो मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. दैवशालाने चिठ्ठी शोधली. तिच्यावर वीस खंडेनवम्यांचं हळदकुंकू थापलेलं होतं. नखाने खरवडलं तर कुंकवाबरोबर आकडेही निघून आले. ती स्वतःशी म्हणाली, जाऊ दे, या केबलवर हाक मारणारं दुसरं आहे कोण? आणि जो हाक मारील त्याला ओ दे, असं तिने लिहून टाकलं. काकांच्या नोंदींचा कॉम्प्युटरही त्याच केबलला होता, कारण प्रत तिथूनच यायची होती. पण तो तर सदा चालू असे, आणि चालू यंत्र हाक मारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी धुडाने हाकच मारली नाही. दुसऱ्या दिवशी हाक मारली, पण जी फाइल मागितली ती तिच्याकडे नव्हती. त्या दोन दिवसांत तिच्या नाकी नऊ आले. यूट्यूबवरच्या माणसांची यंत्रं पाच मिनिटांत उठून बसत होती आणि तिचं नुसतं घुंइं करत होतं.

तिसरा दिवस जैनांच्या पर्युषण व्रताचा सहावा होता. मालकांचं घर वरच्याच मजल्यावर. मूळचे राजस्थानचे, पाच पिढ्यांपासून जालन्यातले स्थानकवासी जैन. पर्युषणाचे आठ दिवस कार्यालय साडेपाचला बंद होई. संध्याकाळी वर प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायची प्रार्थना असे. मालकीणबाई संतोषबाई गुडघ्यांमुळे प्रार्थनेच्या स्थानकात जाऊ शकत नसत, म्हणून शेजारपाजारच्या बायका त्यांच्याकडे जमत. त्या वेळेत दिवा नको, पंखा नको, चुकूनही कोणाचा हात बटणाला लागायला नको. म्हणून अख्ख्या इमारतीचा मुख्य खटकाच खाली ओढायचा, असा संतोषबाईंचा शिरस्ता होता. खटका जिन्याखाली. तो ओढायचं काम तीस वर्षांपासून पुंजारामकाकांचं. शेतावरून आले की ते पायरीवर बसून राहत. वरून हाक आली की खटका खाली, तासाभराने पुन्हा हाक आली की वर.

दैवशालाला हे ठाऊक होतं, पण ऐकून. ती रोज साडेपाचला लॅपटॉप पिशवीत घालून निघून जाई. त्या दिवशी गेली नाही, कारण पावणेसातला धुडाने हाक मारली, लॅपटॉपने ओ दिली, आणि पडद्यावर पहिल्यांदाच फाइलींच्या ओळी पळू लागल्या.

"आली गं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. एवढ्यात वरून संतोषबाईंचा आवाज आला, "पुंजाराम, बत्ती!" आणि सगळं विझलं.

"काका!" दैवशाला अंधारात ओरडली. "खटका! अहो, खटका वर करा!"

"तू अजून हितंच?" जिन्याखालून पुंजारामकाका बाहेर आले. "मला काय म्हाईत! आता न्हाई जमत माय. वर बसल्यात समद्या. तासभर काढ."

इलाज नव्हता. लॅपटॉप तेवढा आपल्या बॅटरीवर जागा होता. तो बंद करावा असं तिच्या मनात आलं; पण पुन्हा सगळी मांडामांड करायला वीस मिनिटं गेली असती, म्हणून तिने तो तसाच राहू दिला आणि काकांशेजारी पायरीवर येऊन बसली. बाहेर रस्त्यावर ऑटोंची ये-जा चालू होती. वरून बायकांचं एका लयीतलं म्हणणं ऐकू येत होतं.

"हे झालं की मंग माझ्या वह्या दोन ठिकानी?" काकांनी विचारलं.

"दोन ठिकाणी. एकाला काही झालं तर दुसरी आहेच."

"वाळवी बी किती ठिकानी जाईन मंग." ते स्वतःशीच हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "ते रकान्यात पुरं नाव लिहित्यात म्हन्ले शेठजी. बापाच्या नावासकट का?"

"बापाच्या नावासकट."

"माझ्या बापाचं नाव कधी सातबाऱ्यावर बी न्हवतं आलं," काका म्हणाले. "दिल्लीला जाऊन राह्यलंय आता."  दैवशालाला अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण तिला भरून आलं. तीन दिवसांचा वैताग तिला एकदम वसूल झाल्यासारखा वाटला.

आठच्या सुमाराला वरून हाक आली. काका उठले, जिन्याखाली गेले आणि त्यांनी खटका वर केला. दिवे लागले, पंखे फिरले. दैवशाला धुडाचं बटण दाबायला खोलीत गेली तर लॅपटॉपवर ओळी आधीच पळत होत्या.

"बघा काका! माझी वाटच पाहत नाही!" ती म्हणाली. तिला वाटलं, बटण मघाचंच दाबलेलं राहिलं असेल.

"चाललं म्हन की!" काकांनी चष्मा नाही म्हणून डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. दोघं स्टूल ओढून बसले. ओळी भराभर वर सरकत होत्या आणि ती त्यांना सांगत होती, हे मूळ गेलं, ही भाषा गेली, हे घड्याळ गेलं. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते प्रत्येक वेळी "वा" म्हणत होते. असा पाऊण तास गेला. इतकं सुखाचं काम तिने त्या कार्यालयात कधी केलं नव्हतं.

मग तिने कौतुकाने धुडाच्या पाठीवर हात ठेवला. ते गार होतं. पंखा फिरत नव्हता. पुढचा दिवाही लागलेला नव्हता.

 हे घेत नाही, तर मग घेतंय कोण?

ती बोळ ओलांडून प्रयोगशाळेकडे धावली. काकांच्या नोंदींच्या कॉम्प्युटरवर करडा पडदा होता, आणि त्यावर तिनेच निवडलेल्या भाषेत, अगदी शुद्ध, लिहिलं होतं: 'स्थापना पूर्ण झाली.'

वीज आल्यावर तो आपला आपण चालू झाला होता. त्याच्या त्या अर्ध्या मिनिटात त्याने रोजच्यासारखी केबलवर हाक मारली होती. आजवर कोणी ओ दिली नव्हती. आज लॅपटॉपने दिली, आणि डिस्क पुसून टाकायचं उत्तरही दिलं.

तिने वायर ओढून काढली. आता ओढून काय होणार होतं? मागून काका आले, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. त्यांनी पडदा पाहिला नव्हता. तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना वाटलं, थकली.

"हे बी झालं का?" त्यांनी विचारलं. "मंग दोन्ही झाले म्हन की!"

सांगायला तिने तोंड उघडलं.  "हो, काका," ती म्हणाली.

ते समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती त्या कॉम्प्युटरची डिस्क काढून घेऊन संभाजीनगरला गेली. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस तिथे होता. त्याने दोन दिवस ठेवून घेतली. मग त्याने जे परत दिलं, त्यात 'कणीस ठेवले' होतं, 'कणीस फेकले' होतं, शेकडो वेळा होतं. रांग नव्हती, वर्ष नव्हतं, आकडा नव्हता. "नवं बरोबर त्याच्यावरच लिहिलं गेलंय, मॅडम," तो म्हणाला. "यापुढे माझे हात टेकले." परतीच्या बसमध्ये ती जालना येईपर्यंत रडली, आणि शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा दात दुखतोय म्हणाली.

ती कामावर आली तो दिवस क्षमापनेचा निघाला. पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी; तिच्या दुसऱ्या दिवशी उत्तमचंदजी खाली उतरून कार्यालयातल्या प्रत्येकापुढे हात जोडत. मालक हमालापुढे हात जोडतो, असा तो वर्षातला एकच दिवस. "जाणता-अजाणता दुखवलं असेल तर माफी करा. मिच्छामि दुक्कडम्," असं म्हणत ते दैवशालापुढे आले, आणि तिला राहवेना. मी सगळं पुसून टाकलं शेठजी, असं ती म्हणाली, आणि काकांच्या, मयंकशेठच्या, सगळ्यांच्या देखत तिने घडलं ते सांगितलं.

काकांना आधी कळलंच नाही. "म्हंजे ह्याला बी वाळवी लागती का?" त्यांनी विचारलं. मग कळलं.  हळू आवाजात म्हणाले, "खटका तर म्याच वर केल्ता."

मग जे झालं त्याला काय म्हणावं? ओरडा ऐकून संतोषबाई एकेक पायरी बसत बसत खाली आल्या आणि काकांपुढे हात जोडून म्हणाल्या, "मेरे कारण हुआ. मी बत्ती बोलले म्हणून झालं, पुंजाराम, मला माफी कर." काकांनी दोन्ही कानांना हात लावले. "बाईजी, मला पाप नका लावू." उत्तमचंदजींनी दैवशालाची माफी मागितली, दैवशालाने काकांची, काकांनी तिची. मयंकशेठनीही हात जोडले. कोणाच्याही मनात खोट नव्हती, हे विशेष. अकरा वाजेपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना मनापासून माफ केलं होतं, आणि नोंदीतला एक आकडाही परत आला नव्हता.

"ताई, माझ्या मनात काही नाही," मयंकशेठ जाता जाता म्हणाले. "पण अर्ज सोमवारी गेला पाहिजे, मुदत संपून राह्यलीय. नोंदीशिवाय गेला तर वाणच हातचा जाईल. मग कोणाला तरी घरी बसावं लागेल. समजून घ्या." काका दारातच उभे होते.

उत्तमचंदजींनी तोडगा काढला. "पुंजाराम, तुला तर सगळं तोंडपाठ असेल. तू सांग, ती लिहील. कसं आठवलं, ते मी विचारणार नाही."

रविवारी कार्यालय रिकामं होतं. दोघं समोरासमोर बसले. पहिली पिढी काकांनी घडाघडा सांगितली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवीही. कोणत्या वर्षी पाऊस उशिरा आला, कोणत्या कणसावर काणीचा रोग पडला, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. दैवशालाच्या जिवात जीव आला. सहाव्या पिढीला ते थांबले.

"सहावी," ती म्हणाली.

"सहावी... दोन शेतात लावल्ती. वरच्या शेतातली..." त्यांनी डोळे मिटले. उघडले. "न्हाई येत. वही डोळ्यापुढं येती. आकडा न्हाई येत."

"थोडा वेळ घ्या, काका."

त्यांनी तासभर घेतला. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले, पायरीवर बसले, पुन्हा आले. आकडा आला नाही. दैवशालाने दुसरं काही विचारलं नाही. तिला विचारायचा हक्क उरला नव्हता. तिला चार-पाच रात्रींची झोप नव्हती, आणि आपलं तोंड कसं दिसतंय हे तिला काकांच्या नजरेवरून कळत होतं. ते तिच्याकडे एकटक पाहत होते.

मग एकाएकी ते सांगू लागले. "लिही. सहावी पिढी. वरचं शेत. रांग सात, कनीस चार, ठिवलं. रांग एकोनीस, कनीस अकरा, ठिवलं. रांग त्रेपन्न, कनीस दोन..."

तिची बोटं थांबली. त्या शेतात चाळीसच रांगा होत्या. त्या नोंदी तिनेच टाइप केल्या होत्या. आकडे तिला आठवत नव्हते, पण रांगा चाळीस होत्या, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

"काका," ती म्हणाली, "रांगा चाळीस होत्या."

"म्हाईतंय मला."

"मग..."

"थांबली कामून? लिही की."

"माझ्यासाठी नका करू असं. मला काढलं तर काढलं."

"तुझ्यासाठी करून राह्यलो, असं कोन म्हन्लं?" ते चिडून म्हणाले. तिच्यावर ते पहिल्यांदाच चिडत होते. "चाळीस तर चाळीस. रांग तेहतीस लिही. कनीस दोन. ठिवलं."

ती लिहीत गेली. ते न थांबता, न अडखळता सांगत गेले, सहावी, सातवी, आठवी. आकड्यांमागून आकडे, सगळे खरे वाटतील असे. खरं सांगताना ते मध्येमध्ये थांबत, पावसाचं बोलत, काणीचं बोलत. आता ते पावसाचं काही बोलले नाहीत. चारच्या सुमाराला काम संपलं. दैवशालाने पडद्यावर अर्जाचं पहिलं पान उघडलं आणि 'वाण तयार करणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्यांचं नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

काकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि पडद्याजवळ वाकून ते अक्षर अक्षर वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"खोड," ते म्हणाले.

"काका!"

"खोड म्हन्लं ना. जे पाह्यलं न्हाई ते लिहून दिलंय. त्याच्यावर माझं नाव न्हाई लागायचं."

"अहो, वाण तर तुमचाच आहे."

"हाय ना माझा. शेतात जाऊन बघ, हाय." त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. "ह्या कागदावरचा न्हाई. इथं कंपनीचं टाक."

 तिने एकेक अक्षर मागून खोडत आणलं. आधी आडनाव गेलं, मग वडिलांचं नाव, मग त्यांचं. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं, काका."

मग तिने तिथे कंपनीचं नाव घातलं. ते बरंच लांब होतं, त्याला दोन ओळी लागल्या.